हापुसाचा अमेरिकेस प्रवास

कणकवली तालुक्यात नांदगावचा तिठा आहे. देवगडाहून येणारा रस्ता तेथे मुंबई-गोवा महामार्गास मिळतो, आणि चैत्र-वैशाखात आंब्याच्या पेट्यांनी भरलेल्या गाड्या तेथून मुंबईकडे वळतात. त्या पेट्यांपैकी अगदी थोड्या अमेरिकेस पोहोचतात. परंतु दोन राष्ट्रांचा व्यापार कशावर अडतो व कशाने सुटतो, हे त्या थोड्या पेट्यांवरून चांगले कळते.

१९८९ पासून अमेरिकेने भारतीय आंब्यास मज्जाव केला होता. कारण जकातीचे नव्हते. फळमाशी आणि कोयीतील भुंगा यांचे होते. हा भुंगा फळ कापल्यावाचून दिसत नाही. तेव्हा अमेरिकेची भीती अगदीच निराधार होती, असे म्हणवत नाही.

मार्च २००६ मध्ये अध्यक्ष बुश दिल्लीस आले, तेव्हा अणुकराराच्या थोर वाटाघाटींत बिचाऱ्या आंब्याचाही विषय निघाला. पुढील वर्षी भारताने हार्ले-डेव्हिडसनसारख्या अवजड फटफटींना धुराच्या नियमांची वाट मोकळी करून दिली, आणि एप्रिल २००७ मध्ये आंब्याची पहिली पाठवणी अमेरिकेस रवाना झाली.

अट मात्र मोठी विलक्षण होती. निर्यातीच्या आंब्यावर गॅमा किरणांचा मारा करावयाचा, म्हणजे भुंगा मेला नाही तरी त्याची वीण खुंटते. ती सोय नाशिक जिल्ह्यात लासलगावी, भाभा अणुसंशोधन केंद्राने मुख्यतः कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रात होती. म्हणून समुद्रकाठचे नाजूक फळ आधी कांद्याच्या पेठेत जावयाचे आणि मग मुंबईस विमानावर चढावयाचे! शिवाय किरणोपचाराच्या वेळी अमेरिकन निरीक्षक समक्ष हजर हवा, आणि त्याचा खर्च भारतीय बाजूने सोसावयाचा. पुढे वाशीसही अशी सोय झाली; निरीक्षकाची अट राहिलीच.

२०२० मध्ये साथीमुळे निरीक्षक येऊ शकला नाही. बागेत फळ होते, परदेशी गिऱ्हाईक होते; तरी निर्यात थांबली. दोन हंगाम असेच गेले. जानेवारी २०२२ च्या समझोत्याने ती पुन्हा सुरू झाली. त्यात अमेरिकेच्या चेरीस व लसूणघासास भारताची बाजारपेठ मिळावयाची होती.

तिकडच्या पेठेत मेक्सिकोचा आंबा मुबलक व स्वस्त. विमानभाडे, उपचार व देखरेख यांचे ओझे घेऊन गेलेला हापूस बहुधा भारतीय कुटुंबेच हौसेने विकत घेतात. आखाती देशांस जाणाऱ्या पेटीस यांतले किरण नाहीत की परदेशी निरीक्षक नाही, आणि भारतीय आंब्याचा मोठा वाटा तिकडेच जातो.