भास, संशय आणि घरच्यांचे कर्तव्य

(नंदनवन, नागपूर येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



घरातील कोणास नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, किंवा ‘अन्नात विष कालविले आहे’ असा संशय येऊ लागला, की पुष्कळ घरांत प्रथम दार लावून घेतात. मुलीचे लग्न ठरावयाचे असते. लोकनिंदेची भीती असते. मग बाहेरची बाधा समजून अंगारेधुपारे सुरू होतात. आमचे सांगणे एवढेच की, आधी शरीर तपासून घ्यावे.

ताप हे जसे अनेक रोगांचे लक्षण, तद्वत् भासही होय. नागपूरच्या वैशाखात ऊन लागले की धडधाकट माणूसही बरळतो. वृद्धांच्या रक्तातील सोडियम घटले किंवा लघवीत जंतुदोष झाला, तर एका रात्रीत त्यांस भिंतीवर किडे दिसतात आणि सुनेचा संशय येतो. थायरॉइडचा बिघाड, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, फेफरे, मेंदूज्वर, स्टेरॉइड वा कंपवातावरील औषधे, गांजा, धोतऱ्याचे बी, हीही कारणे आहेत. नित्य पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास दोन-तीन दिवसांत कंप सुटून भास होतात, आणि ते प्राणावर बेतू शकते. म्हणून दारू सोडावी ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

एक खूण ध्यानात ठेवावी. विकार तासा-दिवसांत उद्भवला, वार व स्थळ यांचे भान सुटले, शुद्ध कमीजास्त होऊ लागली, तर त्याच दिवशी, चालू औषधे बरोबर घेऊन, रुग्णालय गाठावे. आपल्या नंदनवनापासून मेडिकल दूर नाही. तरुण वयात हळूहळू वाढणारा विकार बहुधा मनाचा असतो. पण तोही रोगच, आणि त्यासही उपचार आहेत. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासून उभे आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. उलटपक्षी, भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे.

रुग्णाशी वाद घालू नये, होकारही देऊ नये. ‘तुम्हांस भीती वाटते हे आम्हांस कळते, आम्ही जवळ आहोत,’ एवढेच म्हणावे.

सोयरिकी जुळविणाऱ्या आपल्या समाजाने अशा घरास नावे ठेवणे सोडले, तर बंद दारे आपोआप उघडतील आणि रोगी वेळेवर डॉक्टरांकडे पोहोचेल. इतके आपल्या हाती आहे, आणि तेवढेच आम्ही आपणांपाशी मागतो.