वॉलरस : एका शब्दाचे कुळ



शब्द पंडितांच्या बैठकीत जन्मतात, असा आपला एक समज असतो. उत्तर समुद्रातील सुळेवाल्या वॉलरसचे नाव तो समज खोटा ठरविते.

इंग्लंडात आल्फ्रेड राजा ८७१ ते ८९९ पर्यंत राज्य करीत होता. त्याच्याकडे ओथेरे नावाचा नॉर्वेचा दर्यावर्दी आला. त्याने सांगितलेली हकीकत जुन्या इंग्रजीत लिहून ठेवलेली आहे. तीत ह्या प्राण्याला ‘होर्सह्वाल’ म्हटले आहे. ‘होर्स’ म्हणजे घोडा आणि ‘ह्वाल’ म्हणजे देवमासा. नवखा प्राणी दिसला की ओळखीच्या प्राण्यांची नावे त्याला द्यावयाची, ही माणसाची रीतच आहे. आपण नाही का पाणघोडा म्हणत?

परंतु ही उकल एवढी सरळ नाही. जुन्या नॉर्स भाषेत ह्याचे नाव ‘रोस्मह्वाल्र’. त्यातील ‘रोस्म’चा संबंध तांबूस रंगाशी असावा, आणि पुढे ओळखीचा घोडा त्याच्या जागी येऊन बसला असावा, असे एक मत आहे. तो जुना इंग्रजी शब्द लोपला; आजचा ‘वॉलरस’ १७व्या शतकात डच भाषेतून आला. त्यात जोडशब्दाची अंगे उलटलेली आहेत: देवमासा आधी, घोडा मागून. १९१९-२० मध्ये ऑक्सफर्ड कोशाच्या कामावर असलेल्या तरुण टोल्कीनने ह्याच शब्दाची व्युत्पत्ती पुन्हापुन्हा लिहून पाहिली होती.

ओथेरेला मात्र व्युत्पत्तीशी कर्तव्य नव्हते. त्याला सुळे हवे होते, कातडे हवे होते. ह्या कातड्याचे जहाजी दोर फार चांगले होतात, असे तो सांगतो. दोर तो खंडणीतही घेई. उत्तरेकडील सामी लोकांतील थोर माणसास इतर जिनसांबरोबर दोन दोर द्यावे लागत. प्रत्येक दोर ६० एल लांब. एक ‘ह्वाल’च्या कातड्याचा, दुसरा सीलच्या. हा ‘ह्वाल’ म्हणजे वॉलरसच, असे काही अभ्यासक मानतात. कातडे सोलून, कापून, वळून एवढा दोर तयार करण्यास किती हात राबले असतील, ते दोर ओढणाऱ्यानेच ओळखावे!

खंडणी घेणाऱ्याची हकीकत ग्रंथात आली. देणाऱ्याची आली नाही. तरीही त्याचा शब्द बुडाला नाही. सामींच्या ‘मोर्शा’शी फिन्निश ‘मुर्सू’, रशियन ‘मोर्झ’ आणि फ्रेंच ‘मोर्स’ यांचे नाते सांगितले जाते. ‘वॉलरस’ येण्यापूर्वी इंग्रजही ‘मोर्स’च म्हणत. ज्यांच्या हातून दोर गेले, त्यांच्या तोंडचा शब्द राहिला. कोश चाळताना हाही हिशेब मांडावा, एवढेच मला सांगावयाचे होते.