गिरणी एकच असली म्हणून

आम्ही हिंजवडीहून बोलतोय. आमच्याकडं एका बाजूला आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला म्हातोबाच्या बगाडाचं जुनं गाव. आमच्या बचत गटातल्या बाया दुपारी साडेबाराला डबे घेऊन त्या इमारतींच्या गेटवर उभ्या असतात. डबे, चटण्या आणि दिवाळीला फराळ, हे आमचं काम. ऑर्डरी सगळ्या मोबाईलवर येतात.

मागच्या दिवाळीच्या आठ दिवस आधी, ज्या अ‍ॅपवर आमच्या ऑर्डरी येत होत्या तिथलं आमचं खातं बंद पडलं. कारण कळेना. विचारायला फोन नंबर नाही, जाऊन भांडायला दुकान नाही. चौथ्या दिवशी ते आपोआप सुरू झालं. तोवर भाजणी दळून आणलेली, तेलाचे डबे उधारीवर घेतलेले आणि गिऱ्हाईक दुसरीकडं गेलेलं. तेव्हा गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "गावची गिरणी बंद असली तर आपण शेजारच्या गावाला दळण नेतो. इथं शेजारचं गावच नाही का गं?"

त्या प्रश्नानं आम्हाला शोधायला लावलं. जे कळलं ते आज सांगतो.

समजा, गावात एकच गिरणी आहे. एकच असणं हा काही गुन्हा नाही. पण उद्या गिरणीवाला म्हणाला, "दळण हवं तर पिशवी माझ्याच दुकानातली घ्या, मीठही माझंच घ्या, आणि दुसऱ्या गिरणीवाल्याशी बोलायचं नाही," तर? आपला स्पर्धा कायदा, म्हणजे २००२ चा कायदा, नेमकं हेच सांगतो. मोठं असायला बंदी नाही. मोठेपणाच्या जोरावर दुसऱ्याची वाट अडवायला बंदी आहे. हे पाहायला दिल्लीत भारतीय स्पर्धा आयोग आहे.

आता आपल्या हातातला फोन बघा. भारतातले बहुतेक स्मार्टफोन गुगलच्या अँड्रॉइडवर चालतात. नवा फोन उघडला की गुगलची शोधायची पट्टी, क्रोम, यूट्यूब, नकाशे आधीपासून आत बसलेले असतात. आपण ते मागितलेले नसतात. याची तक्रार अँड्रॉइड वापरणाऱ्या तिघा तरुणांनी आयोगाकडं केली. २०१९ मध्ये चौकशीचा आदेश निघाला. चौकशीत दिसलं ते गिरणीसारखंच होतं. फोन बनवणाऱ्या कंपनीला प्ले स्टोअर हवं असेल, तर गुगलची बाकीची अ‍ॅपंही सोबत घ्यावी लागायची. प्ले स्टोअर नसलेला फोन इथं कोण घेणार? मग कंपन्या मुकाट्यानं सगळं घ्यायच्या.

२० ऑक्टोबर २०२२ ला आयोगानं गुगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपये दंड केला. गुगल अपिलात गेली. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं आयोगाच्या काही सूचना काढून टाकल्या, पण दंड कायम ठेवला. त्याआधी जानेवारीतच गुगलनं जाहीर केलं होतं की भारतात फोन कंपन्यांना हवी ती अ‍ॅपं सुटी घेता येतील आणि शोधायचं साधन कुठलं ते वापरणाऱ्याला निवडता येईल.

दुसरं प्रकरण पैशांचं. अ‍ॅपच्या आत वर्गणी किंवा डिजिटल वस्तू विकली, तर पैसे गुगलच्याच यंत्रणेतून घ्यायचे आणि त्यावर १५ ते ३० टक्के गुगलला द्यायचे, असा नियम होता. (आपल्या चकलीला तो लागू नाही. चकली ही हातात येणारी वस्तू.) याबद्दलही आयोगानं २५ ऑक्टोबर २०२२ ला ९३६ कोटी ४४ लाखांचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपिलात तो २१६ कोटी ६९ लाखांवर आला. मधल्या काळात गुगलनं दुसऱ्या मार्गानं पैसे घ्यायची मुभा दिली, पण वाटा फक्त ४ टक्क्यांनी कमी केला. १ मार्च २०२४ ला फी न भरल्याचं कारण देऊन गुगलनं काही भारतीय अ‍ॅपं स्टोअरमधून काढली. त्यात मुंबईची शादी डॉट कॉमही होती. सरकार मध्ये पडलं आणि काही दिवसांत ती परत आली.

गुगलची बाजूही सांगायला हवी. ती म्हणते, अँड्रॉइड आम्ही फुकट देतो, म्हणूनच स्वस्त फोन निघाले. स्टोअर चालवायला खर्च येतो, तो कुणीतरी द्यायचाच. यात तथ्य आहे. आमच्या बायांच्या हाती फोन आला तो स्वस्त होता म्हणूनच. पण गिरणीवाल्यानं दळणाचे पैसे घ्यावेत. मीठ कुणाकडून घ्यायचं, ते त्यानं सांगू नये.

दुसरी रीत असू शकते हे रोज आपल्या समोर आहे. भाजीवालीच्या गाडीवर एकच क्यूआर कोड चिकटवलेला असतो. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये भीम असो, फोनपे असो की गुगल पे, पैसे तिच्याच खात्यात येतात. यूपीआयमध्ये सगळी अ‍ॅपं एकमेकांशी बोलतात. गिऱ्हाईक अ‍ॅप बदलतं, भाजीवालीला काही बदलावं लागत नाही.

आता स्वतःबद्दल एक कबुली. एका कंपनीच्या आवारात स्टॉल लावायला आमच्या ग्रामसंघाला जागा मिळाली. बैठकीत आम्हीच ठराव आणला होता: ज्या गटाला स्टॉल हवा, त्यानं मसाला आमच्याच गटाचा घ्यायचा. सही करायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात त्याच मावशी म्हणाल्या, "म्हणजे आपण पण गिरणीवालेच की." शेजारच्या वाडीतला गट त्यांचा मसाला स्वतः कुटतो, आमच्यापेक्षा चांगला कुटतो. ठराव मागं घेतला. आता स्टॉलचं भाडं सगळ्यांना सारखं आहे आणि मसाला ज्याचा त्याचा. आमचा मसाला पहिल्या महिन्यात कमी खपला, हेही खरं.

आणि त्या दिवाळीनंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, नंबर आणि नेहमीची ऑर्डर वहीत उतरवली, कारण अ‍ॅपमधली यादी आपली नसते. ऑर्डर घ्यायला दोन वाटा ठेवल्या: एक अ‍ॅप, एक साधा फोन. आणि डब्याच्या झाकणावर गटाचं नाव व नंबर छापला.

पुढच्या बैठकीत तुम्हीही एकमेकींना विचारा: उद्या हे अ‍ॅप बंद पडलं, तर आपलं गिऱ्हाईक आपल्याला कसं शोधेल? उत्तर नसेल, तर त्याच बैठकीत वही काढा. पहिलं पान आम्हालाही अवघड गेलं होतं, तीस नावांपुढं नंबरच नव्हते. घरोघर जाऊन विचारले.