डब्यातील दूध आणि बाळाचे बाळसे



घरात तान्हे मूल असले की येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पहिले लक्ष त्याच्या बाळशाकडे जाते. मूल गुटगुटीत असेल तर आईचे कौतुक होते. जरा सडपातळ असेल तर ‘अंगावरचे पुरत नाही वाटते, वरचे चालू करा’ हा सल्ला ठरलेला. त्या एका वाक्यासरशी घरात डबा येतो. एके काळी मध्यमवर्गीय घरांत गुबगुबीत बाळाला ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणत. परदेशी कंपनीचे नाव सुदृढतेचे विशेषण व्हावे, यातच त्या काळची मानसिकता दिसून येते. डब्यात नेमके काय असते आणि त्याने वाढणारे वजन कशाचे असते, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

प्रत्येक सस्तन प्राण्याचे दूध त्याच्या पिल्लाच्या वाढीच्या गतीला अनुरूप असते. वासराचे वजन साधारण दीड-दोन महिन्यांत दुप्पट होते. मानवी अर्भकाला त्यासाठी चार-पाच महिने लागतात. म्हणूनच १०० मिलिलिटर मातृदुग्धात प्रथिने जेमतेम १ ग्रॅम, तर गाईच्या दुधात ३ ग्रॅमहून अधिक आणि म्हशीच्या दुधात सुमारे ४ ग्रॅम असतात. शिवाय गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी ८० टक्के केसिन असते. त्याचा पोटात घट्ट गोळा बनतो. मातृदुग्धात काही विशिष्ट शर्करा अशा असतात की, त्या बाळाला पचतच नाहीत! त्या असतात आतड्यातील उपकारक जीवाणूंसाठी.

ही तफावत कमी करण्याचा एक भारतीय प्रयत्न अभिमानाने सांगावा असा आहे. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ म्हणत असताना आणंद येथे हरिचंद मेघा दलाया यांनी ती करून दाखविली; १९५५ मध्ये तेथे कारखाना उभा राहिला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासूनच शिशुआहार सिद्ध केला आणि तो ‘अमूल’ने घरोघरी पोहोचविला. आयातीवरचे परावलंबन सुटू लागले. मात्र डबा स्वदेशी झाला, म्हणून तो मातेची जागा घेतो असे नव्हे.

डब्यातील एका घटकाचे प्रमाण बदलले तर काय होते, याचा पद्धतशीर अभ्यास युरोपातील पाच देशांत झाला. एक हजाराहून अधिक अर्भकांपैकी काहींना अधिक प्रथिनांचे, तर काहींना कमी प्रथिनांचे दूध देण्यात आले. २००९ मध्ये दोन वर्षांपर्यंतचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अधिक प्रथिने घेतलेल्या मुलांचे वजन जास्त होते, उंची मात्र तेवढीच! सहाव्या वर्षी त्यांच्यापैकी १० टक्के मुले स्थूल आढळली. कमी प्रथिनांच्या गटात हे प्रमाण ४.४ टक्के होते. ज्याला घरचे लोक कौतुकाने बाळसे म्हणतात, त्यात पुढील स्थूलतेचे बीज असू शकते.

आणि एखादा घटक राहूनच गेला तर? २००३ मध्ये इस्रायलमध्ये जर्मनीहून आलेल्या सोया-आहारात ब-१ जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतेच. काही अर्भके दगावली, काहींच्या मेंदूला कायमची इजा झाली. मोठ्या माणसाच्या ताटातील उणीव दुसरा पदार्थ भरून काढतो. तान्ह्याच्या ताटात दुसरा पदार्थच नसतो.

मग स्तनपान करणारी माता वजनाच्या काट्यापुढे का घाबरते? पूर्वी वापरात असलेला आंतरराष्ट्रीय वाढीचा तक्ता मुख्यतः बाटलीच्या दुधावर वाढलेल्या अमेरिकी बालकांवर आधारलेला होता. अंगावर पिणारी मुले पहिले काही महिने झपाट्याने वाढतात, नंतर त्यांची गती मंदावते. जुन्या तक्त्यावर ती मागे पडल्यासारखी दिसत आणि दोष मातेच्या दुधाला लागे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये स्तनपान हेच प्रमाण मानून नवा तक्ता दिला. त्यासाठी निवडलेल्या सहा देशांत भारतही होता. दक्षिण दिल्लीतील बालके नॉर्वेच्या बालकांच्या बरोबरीनेच उंच होत होती. कितीतरी माता विनाकारण अपराधी ठरल्या होत्या.

आपल्या परंपरेत याचे भान होते. सुश्रुताने अन्नप्राशनासाठी सहावा महिनाच सांगितला आहे आणि मातेचे दूध नसेल तर धात्रीची योजना केली आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, ती त्याच विचाराची आधुनिक आवृत्ती म्हणावी लागेल. डब्यांच्या जाहिरातींना आणि डब्यावरील बाळाच्या चित्राला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. घरातील वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याला मात्र कोणताही कायदा लागू होत नाही.

काही मातांना आजारपणामुळे किंवा अन्य कारणाने डब्याचा आधार घ्यावाच लागतो. त्यांच्याकडे बोट दाखविण्याचे पातक कोणी करू नये. अशा घरी काळजी घ्यायची ती प्रमाणाची. बाळसे लवकर यावे म्हणून आजी एक चमचा वाढविते, डबा महिनाभर पुरावा म्हणून कोणी एक कमी करते. पहिल्याने कोवळ्या मूत्रपिंडांवर भार पडतो, दुसऱ्याने मूल पोट भरूनही उपाशी राहते. डब्यातलाच चमचा, तोही सपाट केलेला; पाणी उकळलेले आणि डब्यावर लिहिले आहे तेवढेच; आणि पिऊन उरलेले दूध ओतून द्यायचे, पुढच्या वेळेसाठी ठेवायचे नाही.