दगडांचे दाखलपुस्तक

(शताब्दी वर्षातील व्याख्यान)



शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या वास्तूत मराठीच्या अध्यापकाने दगडधोंड्यांवर बोलायला उभे राहावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. विषय कळल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी माझ्याकडे तशी सौम्य तक्रारही केली. पण माळव्यात राहणाऱ्या माणसाला दगड परका नाही. आपली काळी जमीन ज्या काळ्या पाषाणाची झाली, तो एके काळी तापून वाहिलेला लाव्हाच आहे. तेव्हा थोडा धीर धरावा, अशी विनंती करून मी आपल्याला दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात घेऊन जातो.

साल १८३५, मार्च महिन्याची अखेर. प्रवासी सव्वीस वर्षांचा एक इंग्रज तरुण, चार्ल्स डार्विन. हे नाव काढले की आपल्याला माकड आठवते आणि वादंग आठवतात. 'बीगल' जहाजावरील पाच वर्षांच्या सफरीत मात्र हा तरुण स्वतःला मुख्यतः भूशास्त्रज्ञ समजत होता. त्याच्या टिपणांचा हिशेबही तेच सांगतो : भूशास्त्राची पृष्ठे १३८३, तर प्राणिशास्त्राची अवघी ३६८.

या विद्येची त्याची पूर्वतयारी बेताचीच होती. हेन्स्लो या त्याच्या गुरूंच्या प्रेरणेने त्याने क्लिनोमीटर नावाचे, खडकांच्या थरांचा कल मोजण्याचे साधन मिळविले आणि सरावासाठी आपल्या खोलीतील सगळी मेजे वाटेल तशी तिरपी करून त्यांचे कोन मोजत बसला. घरच्या मंडळींना काय वाटले असेल, त्याची कल्पनाच करावी! पुढे ऑगस्ट १८३१ मध्ये सेजविक या प्राध्यापकांबरोबर वेल्सच्या डोंगरांत थोडी भटकंती झाली, आणि जहाजाच्या कप्तानाने, फिट्झरॉयने, लायेलच्या भूशास्त्रावरील ग्रंथाचा पहिला खंड त्याच्या हाती ठेवला. एवढ्या शिदोरीवर तो निघाला.

२० फेब्रुवारी १८३५ रोजी चिलीत मोठा भूकंप झाला. कन्सेप्सिओन शहर उद्ध्वस्त झाले. किनाऱ्याची जमीन काही फूट वर उचलली गेली होती. सान्ता मारिया बेटावर तर शिंपल्यांचे थर भरतीच्या रेषेपेक्षा दहा फूट उंचावर कुजत पडले होते. हे ताजे दृश्य डोळ्यांत घेऊन डार्विन १८ मार्च रोजी सान्तियागोहून अँडीज ओलांडायला निघाला. जाताना पोर्तियोच्या खिंडीने जायचे, पलीकडे अर्जेंटिनातील मेंदोसा गाठायचे आणि उस्पायाताच्या वाटेने परतायचे, असा बेत होता.

या प्रवासाचा सरंजाम मोठा रम्य आहे. बरोबर मारियानो गोन्सालेस नावाचा वाटाड्या, एक खेचरवाला, दहा खेचरे आणि गळ्यात घंटा बांधलेली एक घोडी. रात्री खेचरे मोकळी सोडायची; सकाळी खेचरवाल्याने फक्त घोडी धरून आणायची, की घंटेच्या नादावर सगळी आपोआप मागे येतात. चिलीच्या राष्ट्राध्यक्षांनी दिलेला परवाना खिशात होता, त्यामुळे जकात नाक्यावरचे अधिकारीही अदबीने वागले. खिंडीच्या उंचीवर रात्रभर उकळूनही बटाटे शिजेनात, तेव्हा सोबत्यांनी सगळा दोष नव्या भांड्याला दिला! विरळ हवेने धाप लागते, त्यावर तिथले लोक कांदा खायला सांगत. डार्विनचा अनुभव निराळा. उंच कड्यावर समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म सापडताच तो धाप पार विसरला.

दगड फोडत हिंडणारा हा परदेशी माणूस चिलीतील लोकांना मात्र संशयास्पद वाटे. खाणी शोधत नाही म्हणतो, मग हातोडा कशाला? यावर त्याने युक्ती काढली होती. तो उलट विचारी, ही जमीन हादरते, हे डोंगर आग ओकतात, कुठे गरम झरे तर कुठे थंड, याचे तुम्हांला कुतूहल कसे वाटत नाही? काहींना ते पटे. काही म्हणत, डोंगर देवाने केले, एवढे कळले की पुरे.

आता तो दिवस. २९ मार्चला मेंदोसा सोडून परतीची वाट धरल्यावर उस्पायाताच्या डोंगररांगेत, सुमारे सात हजार फूट उंचीवर, एका उघड्याबोडक्या उतारावर त्याला बर्फासारखे पांढरे खांब जमिनीतून वर आलेले दिसले. जवळ जाऊन पाहतो तो ती झाडे! दगड झालेली झाडे. बुंधे मोडलेले, पण मुळाशी उभेच्या उभे. त्याने मोजले, बावन्न भरले. अकरा गारेच्या जातीच्या दगडाचे झालेले, बाकीचे बहुतेक पांढऱ्या कॅल्साइटचे. बुंध्यांचा घेर तीन ते पाच फूट. भोवती ज्वालामुखीच्या द्रव्याचा वालुकाश्म पातळ थरांनी साचला होता आणि त्या दगडात सालीचा ठसा अजून शाबूत होता.

येथे त्या मेजांवरचा सराव कामी आला. सभोवारचे थर पश्चिमेकडे सुमारे २५ अंशांनी कललेले होते. झाडेही कलली होती, पण थरांशी त्यांचा कोन बरोबर काटकोनाचा होता. म्हणजे ही झाडे वाढली तेव्हा ती जमीन सपाट होती. ती पुढे, झाडांसकट, तिरपी झाली. एका कोनाच्या मोजमापातून केवढा इतिहास उलगडावा! वर पाहावे तर लाव्हाचे आणि गाळाचे थर पाच वेळा आलटून-पालटून बसलेले, त्यांतला लाव्हाचा एक थर तर हजार फूट जाडीचा. डार्विनने अनुमान केले, की येथे अटलांटिकचा किनारा होता आणि त्यावर हे वन डोलत होते. पुढे ते समुद्रात बुडाले, गाळाने व लाव्हाने गाडले गेले आणि पुन्हा सात हजार फूट वर आले. समुद्र मात्र सातशे मैल मागे हटला. समोर इतका स्पष्ट पुरावा असूनही प्रथम आपला त्यावर विश्वास बसेना, हे त्याने प्रवासवर्णनात मोकळेपणाने लिहिले आहे. साहित्याचा अध्यापक म्हणून मला ही कबुली फार मोलाची वाटते. विस्मय दाखवायचा, पण मोजमाप सोडायचे नाही, ही त्या गद्याची खरी शोभा आहे. हेन्स्लोंना एप्रिलमध्ये लिहिलेल्या पत्रातही, माझी विधाने तुम्हांला अविश्वसनीय वाटतील, अशी धास्ती त्याने व्यक्त केली आहे.

विश्वास बसावा कशाच्या बळावर? नमुन्यांच्या. या सफरीतून त्याने खेचराच्या अर्ध्या ओझ्याइतके दगड आणले. प्रत्येक नमुन्याला क्रमांक, तोच क्रमांक वहीत, आणि वहीत ठिकाण, थर व वर्णन. दिवसा खिशातल्या टिपणवहीत पेन्सिलीने खरडायचे आणि सवडीने शाईने सविस्तर लिहून काढायचे. पुढे १८४९ साली ब्रिटिश नौदलाने प्रवाशांसाठी काढलेल्या मार्गदर्शक पुस्तकात भूशास्त्राचे प्रकरण डार्विननेच लिहिले. नमुन्यावर क्रमांक तत्काळ घालावा, असा आग्रह त्यात आहे. आपल्या ग्रंथपालांना हे नवल वाटणार नाही. ज्या पुस्तकाची दाखलपुस्तकात नोंद नाही, ते कपाटात असूनही वाचकाच्या हाती लागत नाही, हे त्यांनी मला अनेकदा ऐकवले आहे. बिनक्रमांकाचा दगड तर पुस्तकाहूनही लाचार. पुस्तकाला निदान मुखपृष्ठ असते.

क्रमांक घातलेल्या या दगडांचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. लाकडाचे नमुने लंडनमध्ये रॉबर्ट ब्राउन या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाने तपासले. सूक्ष्म कणांच्या हालचालीला ज्याचे नाव मिळाले, तोच हा ब्राउन. ही झाडे सूचिपर्णी, आरौकेरियाच्या जातकुळीशी नाते सांगणारी, असे त्याचे मत पडले. आपल्याकडे बागांतून 'ख्रिसमस ट्री' म्हणून लावतात, ते झाड पुष्कळदा याच आरौकेरिया कुळातले असते. 'बीगल'वरील सुमारे दोन हजार खडक आज केंब्रिजच्या सेजविक संग्रहालयात आहेत. तरुणपणी ज्यांच्यामागे डार्विन वेल्समध्ये हिंडला, त्यांच्याच नावाचे हे संग्रहालय. १९०७ साली आल्फ्रेड हार्कर यांनी त्या संग्रहावर लेख लिहिला.

आणि डार्विनचे निष्कर्ष? त्यांतला काही भाग टिकला, काही गेला. त्या वृक्षांचे वय त्याने फार कमी धरले होते. आज ते ट्रायासिक काळातले, म्हणजे वीस कोटी वर्षांहून जुने मानतात. ते वन समुद्रात बुडाले नव्हते; खंडाच्या पोटातील एका सखल खोऱ्यात ज्वालामुखीच्या राखेने व गाळाने ते उभ्याउभ्या गाडले गेले, असे अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. पण झाडे जागच्या जागी उभी असताना गाडली गेली आणि मग थरांसह कलली, हे त्याचे वाचन कायम राहिले. अभ्यासक त्याची चूक काढू शकले ते त्याच्याच नोंदींचे बोट धरून. उतार कोणता, थर किती अंशांनी कललेला, बुंधे किती, हे त्याने लिहून ठेवले होते. ती जागा शोधून काढायला तेवढे पुरले.