छायाचित्रांतील चार चेहरे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



एखाद्या निर्घृण हत्येची वार्ता कानी आली की 'भर चौकात फाशी द्या' असे उद्गार आपल्या घराघरांतून सहज निघतात. त्या संतापाला मी दोष देणार नाही. फाशी सर्वथा रद्द व्हावी, या मताचाही मी नाही. तरीही एका खटल्याची हकिगत आज आपल्यासमोर ठेवणे मला आवश्यक वाटते.

५ जून २००३ च्या रात्री नाशिक जिल्ह्यातील एका झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांची हत्या झाली. त्यांतील कोवळ्या मुलीवर अत्याचारही झाला. आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. पोलिसांनी लवकरच त्या माऊलीस सराईत गुन्हेगारांची छायाचित्रे दाखविली. तिने चौघांना ओळखले. अटक मात्र झाली ती वेगळ्याच सहा जणांना. भटक्या समाजातील, मोलमजुरी करून पोट भरणारी ही माणसे!

२००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून उरलेल्या तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच ठोठावली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाच्या त्रिसदस्यीय पीठाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. पुरावा तोच होता. आईने ओळखलेल्या चौघांचा तपासच झाला नव्हता, ही गोष्टही पहिल्यापासून कागदोपत्री होतीच.

सहांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. २००९ नंतर अंमलबजावणी तातडीने झाली असती, तर २०१९ चा निकाल कोणाला वाचून दाखविला असता? न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली, दोषी अधिकाऱ्यांवर कारवाईचे निर्देश दिले. गरीब, भटक्या समाजातील असल्यामुळे त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही नमूद केले.

इंग्रजांनी १८७१ मध्ये काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. तो १९५२ मध्ये गेला. मनांतून किती गेला, हे पालावर जाऊन काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच विचारावे.

आणि ती माऊली? पाच प्रेते डोळ्यांदेखत पाहून, त्या अवस्थेतही तिने चार चेहऱ्यांवर बोट ठेवले होते. तिचेच ऐकून घेण्यास आपल्या व्यवस्थेला सोळा वर्षे लागली.