शेजाऱ्याच्या खिडकीतून

आमच्या शेजारची चार मजली इमारत पुनर्विकासासाठी पाडायला घेतली, तेव्हा माझी पत्नी हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर नुकतीच घरी आली होती. डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: औषधं वेळेवर आणि दुपारची झोप. समोर पोकलेनला लावलेला ब्रेकर स्लॅबवर आदळू लागला की तिचा हात आपोआप छातीवरच्या टाक्यांवर जाई. आठ दिवसांत ती दुपारी एकदाही झोपली नाही.

मी स्वतः स्थापत्य अभियंता. तीस वर्षं बांधकामावर काढली. असे ब्रेकर मीही लावले. लवकर काम उरकलं म्हणून शाबासकीही घेतली. पण त्या तीस वर्षांत शेजारच्या इमारतीत जाऊन, तिथल्या खिडकीत उभं राहून मी कधी ऐकलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

मी जागेवर गेलो. तिथला तरुण अभियंता सज्जन होता. म्हणाला, “काका, आम्ही सकाळी आठनंतरच सुरू करतो. नियमाबाहेर काही नाही.” खेदाची गोष्ट अशी की त्याचं फारसं चुकत नव्हतं.

आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. २०१० मध्ये एक चांगली भर पडली: निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायची नाहीत. रात्रीच्या या बंदीचा भंग झाला, तर तक्रारीसाठी डेसिबल मोजत बसण्याचीही गरज नाही. रात्रीचं भांडण मोठ्या कामांतही न्यायालयापर्यंत पोचतं. दक्षिण मुंबईतलं मेट्रो-३ चं रात्रीचं काम उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये थांबवलं होतं; पुढच्या वर्षी ती बंदी उठली.

दिवसाचं काय? दिवसा तक्रार करायची तर आवाज ठरलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त हवा, म्हणजे निवासी भागात ६५. आणि तक्त्यातले आकडे सरासरीचे आहेत. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. खिडकीशी तासभर ७५ डेसिबल आवाज आला आणि उरलेले पंधरा तास ५० डेसिबल असले, तर सोळा तासांची सरासरी येते ६३. तक्रारीला जागाच नाही! सरासरी हे घसाऱ्याच्या हिशेबासाठी ठीक. दचकून उठलेल्या माणसाला ती काय सांगणार? जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीसाठी सरासरी ३० डेसिबल सुचवले, पण शिवाय एकेका सुट्या आवाजासाठी ४५ ची वेगळी मर्यादाही सुचवली. आपल्या तक्त्यात तसा रकाना नाही.

बरं, ब्रेकरला पर्याय नाही असंही नाही. काँक्रीट जबड्यात धरून चावून तोडणारं यंत्र त्याच पोकलेनला लावता येतं. हिऱ्याचे कण बसवलेल्या तारेने स्लॅब कापून तुकडे खाली उतरवता येतात. आवाज होतोच, पण तो ठोका राहत नाही. खर्च वाढतो, दिवसही वाढू शकतात. भोवतीच्या पत्र्यांचा मात्र फार भरवसा धरू नये. पत्रा यंत्र आणि कान यांच्या मधे आला तरच काही उपयोग. चौथ्या मजल्यावर चाललेल्या ब्रेकरपुढे जमिनीवरचा पत्रा काय करणार?

तरीही पत्र्यांवरून एक आठवलं. २०२३ मध्ये हवा बिघडली तेव्हा मुंबई महापालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे सक्तीचे केले, पाणी मारायला लावलं. म्हणजे काम सुरू होण्यापूर्वी अटी घालता येतात. धुळीसाठी येतात, तर आवाजासाठी का नाही? गंमत म्हणजे २००० च्याच नियमांत, तिसऱ्या नियमात, लिहिलं आहे की नगररचनेचं काम करणाऱ्या संस्थांनी आवाजाचा सर्व बाजूंनी विचार जीवनमानाचा एक निकष म्हणून करावा. मी इतके नकाशे मंजुरीला नेले. पार्किंग विचारलं, जिना किती रुंद ते विचारलं, अग्निशमनाची टाकी विचारली. पाडताना कोणतं यंत्र वापरणार आणि समोर कोण राहतं, हे मला कोणी विचारलं नाही.

ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्यानुसार ठेकेदार काम सुरू करण्यापूर्वीच स्थानिक परिषदेची संमती मागू शकतो. कोणतं काम, कोणत्या पद्धतीने आणि आवाज कमी ठेवण्यासाठी काय करणार, हे अर्जात लिहावं लागतं. अटी पाळल्या तर परिषद त्याला आवाजाच्या कारणावरून मधेच अडवत नाही. मला ही तरतूद ठेकेदाराच्याही सोयीची वाटते. रोज कोणी तरी काका येऊन काम अडवणार, यापेक्षा ते बरं.

आता आमच्याच इमारतीचा पुनर्विकास ठरतो आहे. सर्वसाधारण सभेत मी सुचवलं की करारात तीन गोष्टी घालू: ब्रेकरऐवजी जबड्याचं यंत्र, दुपारी एक ते तीन पाडकाम बंद, आणि शेजाऱ्यांना आधी लेखी सूचना. एक सभासद म्हणाले, “अहो, आपण तेव्हा भाड्याच्या घरात असणार. आपल्याला कुठे ऐकू येणार आहे?” कोणी रागावलं नाही, उलट हशा पिकला. मला मात्र त्यांनी नेमकं दुखणं सांगितलं असं वाटलं. पुनर्विकासाचा निर्णय घेणारे ऐन पाडकामाच्या वेळी तिथे नसतात; आणि जे असतात, त्यांना सभेत मत नसतं. त्यांच्या वतीने बोलायचं काम मंजुरी देणाऱ्याचं आहे, आणि त्याच्या अर्जात तो रकाना नाही.

विकासकाकडून मसुदा परत आला, तेव्हा दुपारच्या सुट्टीचं कलम तेवढं राहिलं होतं. यंत्राचं कलम “शक्य असल्यास” होऊन आलं. पुढच्या सभेत ते दोन शब्द खोडावेत असा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक म्हणून पत्नीने सही केली आहे. आमच्या मागच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक आजोबा घरीच ऑक्सिजनवर असतात, हे तिनेच मला सांगितलं. माझ्या खिडकीतून त्यांची खिडकी दिसते, आणि इतकी वर्षं मला ते ठाऊक नव्हतं.